ठेवणीतली त्रुटी

निर्दोष कागदाला घाबरणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लोक सापाला घाबरतात, साखरेच्या रिपोर्टला घाबरतात, सख्ख्या सासूला घाबरतात. आमचे साडभाऊ मात्र बिनचुकीचा अर्ज समोर आला की कासावीस होत. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. त्यात भाऊ हा शब्द कुणी आणि कोणत्या भाबडेपणाने घुसवला देव जाणे. वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत ते केंद्राच्या टेबलावर होते. कचेरी कोणती ते सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून मला नमस्कार करतात. केंद्राचं टेबल म्हणजे जिल्ह्यातल्या गावांसाठी राज्यामार्फत दिल्लीकडे अनुदान मागायचं, ते मंजूर होऊन खाली आलं की कुठे मुरलं याचं प्रमाणपत्र वर पाठवायचं, आणि दिल्लीहून कुणी बघायला आलंच तर त्यांनी बघू नये ते त्यांच्या नजरेस पडणार नाही अशी चोख व्यवस्था करायची. हे सगळं त्यांनी हयातभर केलं, आणि त्यांनी मंजूर करवून घेतलेल्या शेकडो इमारतींपैकी एकीच्याही आत कधी पाऊल टाकलं नाही.

बोरगाव मेघेला आम्ही एकाच गल्लीत राहतो. दोन बहिणींनी शेजारी शेजारी प्लॉट घ्यायचं ठरवलं तेव्हा आम्हा दोघांचं मत कुणी विचारलं नव्हतं. मी शाळेत मराठी शिकवतो. म्हणजे चुका काढणं हा माझा धंदा आणि चुका ठेवणं हा त्यांचा. मी हे गमतीने लिहीत नाही. साडभाऊ कुठलाही प्रस्ताव वर पाठवताना त्यात स्वतःच्या हाताने, पूर्ण विचार करून, एक चूक ठेवत. तिला ते ठेवणीतली त्रुटी म्हणत. ठेवणीतली साडी म्हणतो ना आपण, तितक्याच कौतुकाने. या विद्येमागचं तत्त्व त्यांनी मला एकदा त्यांच्या ओसरीवर आलूबोंडा खाता खाता समजावलं होतं. "साहेबाले काई तरी सापडलं पायजे, सर. सापडलं का तो खुश. परत पाठवते, आपण पूर्तता करतो, तो सही करते. नाई सापडलं तं काय होते, मालूम हाये? तो वाचाले लागते. आन साहेब वाचाले लागला का मेलो आपण."

प्रत्येक पायरीसाठी त्रुटी वेगळी असे. तालुक्यावरून येणाऱ्या कागदात पानाचा एखादा क्रमांक गाळलेला असायचा, कारण जिल्ह्याच्या साहेबांना पानं मोजायला आवडत. मुंबईच्या साहेबासाठी एखादी सही निळ्याऐवजी काळ्या शाईत. दिल्लीसाठी हिंदी गोषवाऱ्यात एक मात्रा जास्त. "दिल्लीवाले मात्रेवर लय खुश होतात," ते सांगत, "मराठी माणसाले हिंदी येत नाई हे त्याइले दिसलं का मंजुरी पक्की." आणि मग प्रस्ताव 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' असा शेरा घेऊन आला की या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरे, तो मुलगी बारावीत पहिली आली तेव्हाही दिसला नव्हता. पूर्ततेचा कागद तर त्रुटी ठेवली त्याच दिवशी टाईप होऊन खणात तयार असे. फक्त लगेच पाठवायचा नाही, इतकंच पथ्य. लगेच पाठवला तर वरच्याला वाटतं, आपण काढलेली त्रुटी हलकी होती. असा हा राज्यकारभार. एकाने मुद्दाम चुकायचं, दुसऱ्याने ते मोठ्या हुशारीने पकडायचं, तिसऱ्याने दोघांचं कौतुक करून पुढे पाठवायचं, आणि गावात आजारी पडलेल्या माणसाने तोवर दम धरायचा.

दिल्ली आणि राज्य यांचं नातं काय, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी ते सासरा आणि जावई यांच्यावर बसवून दाखवलं. आमच्या सासुरवाडीत अनुभवाची कमतरता नव्हतीच. "साठ टक्के सासरा टाकते, चाळीस टक्के जवायानं टाकाचे. जवाई म्हंते, आधी तुमचे येऊ द्या. सासरा म्हंते, आधी तुमचे दाखवा. मंग जवाई शेजाऱ्याचे आणून दाखवते, सासऱ्याचे घेते, आन शेजाऱ्याचे वापस करते. येच्यात काय समजाचं हाये?" मी म्हटलं, "आणि साडभाऊ, ज्या लेकीसाठी हे चाललंय ती?" त्यावर ते माझ्याकडे नवशिक्या कारकुनाकडे पाहावं तसं पाहून म्हणाले, "ते योजनेत नसते."

घरातही तीच तऱ्हा. बैठकीतली एक तसबीर ते कायम तिरपी ठेवत. येणारा पाहुणा उठून ती सरळ करी, मग त्याला आपण या घरावर उपकार केल्यासारखं वाटे आणि भिंतीची ओल त्याला दिसत नसे. पाहुणा फाटकाबाहेर पडला की तसबीर पुन्हा तिरपी. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी 'आशीर्वाद' ऱ्हस्व शि घालून छापवला. मी पत्रिका हातात घेतली आणि माझा दुसरा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. मराठीचा मास्तर साडू असून ही पत्रिका साऱ्या जिल्ह्यात जाणार! पण ती त्रुटी त्यांच्या एका चुलतभावासाठी होती. लग्नकार्यात रुसण्याचा त्याचा मोठा लौकिक. चुलतभावाने पत्रिका उघडली, शि पकडली, चार माणसांत वाचून दाखवली, पोटभर हसला, आणि निमंत्रकांत आपलं नाव दुसऱ्या क्रमांकावर आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही. "पाह्यलं?" साडभाऊ माझ्या कानात म्हणाले. मला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण बुंदीच्या लाडवाने तोंड भरलेलं होतं.

दिल्लीचं तपासणी पथक येणार असलं की ते अंगात आल्यासारखे वागत. पथकाला दाखवायच्या इमारतीवरचा फलक ते आदल्या दिवशी उलटा लावायला सांगत. पथकप्रमुख गाडीतून उतरून पहिल्यांदा फलकच पाहणार, भुवया चढवणार, आणि साडभाऊ ताबडतोब दोन माणसांना शिडीवर चढवून तो सुलटा करणार. पूर्तता जागेवर! पथक इतकं प्रसन्न होई की आतल्या खोल्यांना दारं नाहीत हे विचारायचं राहून जाई. दुपारी ते सर्वांना सेवाग्रामला नेत. तिथे जोडे काढून झाडाखाली बसलं की कितीही करडा अधिकारी मवाळ होतो, हा त्यांचा अनुभव. पथक डोळे मिटून बसे, ऊन उतरत जाई, आणि पाहायची राहिलेली गावं राहूनच जात. संध्याकाळच्या गाडीत बसवताना पथकप्रमुख साडभाऊंचे दोन्ही हात हातात घेऊन सांगत की वर्ध्यात काम फार प्रामाणिकपणे चालतं. सेवाग्रामसारख्या जागी बसून माणसाला खरं बोलावंसं वाटतं म्हणे. पथकाला फक्त झोप येत असे.

आता आमच्या सासुरवाडीविषयी सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात गावाला कंस असतो. तळेगाव म्हटलं की एसटीचा कंडक्टर विचारतो, कोणतं? श्यामजी पंत म्हटलं की मग तिकीट निघतं. एका नावाची गावं जागोजाग, म्हणून कुण्या जुन्या मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, किंवा मालगुजारणीचं नाव कंसात टाकून त्यांना वेगळं ठेवलेलं. आमची सासुरवाडी चिंचोली (रामजी), आष्टी तालुक्यात, तळेगावहून ऑटोने आत. आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे ती चिंचोली (गंगाबाई). रामजीच्या चिंचोलीत आरोग्य उपकेंद्राला इमारत नव्हती. सिस्टर ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत बसत, अर्ध्या खोलीत खताची पोती. तिथे बाळंतपण करायची सोय नाही, म्हणून कळा सुरू झालेली बाई ऑटोत घालून तळेगावला न्यायची. आमच्या साळ्याची सून वाटेतच बाळंत झाली. ते लेकरू वाचलं. शेजारच्या घरचं नाही वाचलं. त्यानंतर सासूबाई साडभाऊंना भेटल्या की एकच विचारत, "मोठे जवाईबापू, कागद तुमच्याच टेबलावरून जाते म्हंता, मंग काऊन अडून राह्यलं?"

म्हणून तो प्रस्ताव साडभाऊंनी जीव ओतून तयार केला. आणि जीव ओतला म्हणजे काय केलं, तर आजवरची सर्वांत सुंदर त्रुटी शोधून काढली. गावाच्या नावातला कंसच गाळला. नुसतं 'चिंचोली'. ओसरीवर मला ते दाखवताना त्यांचा आवाज भरून आला होता. "आंधळ्यालेबी दिसन, सर. कोणती चिंचोली, म्हनून जिल्हाच परत पाठवन. आपण कंस टाकाचा, पाठवून द्याचा. बाकी कागद असा पक्का हाये का कोनी बोट ठेवाले जागा नाई." मी म्हटलं, "आणि नाही दिसली तर?" ते हसले. इतकं साधं कुणाच्या नजरेतून सुटेल यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता. साऱ्या आयुष्यात वरच्या साहेबांविषयी त्यांनी बाळगलेला हा एकमेव आदर, आणि तोच नडला.

जिल्ह्याच्या साहेबांनी लिहिलं, 'तपासले, शिफारशीसह सादर.' मुंबईने लिहिलं, 'तपासले, बरोबर आहे.' मार्च महिना होता. मार्चमध्ये दिल्लीला देण्याची घाई असते आणि राज्याला घेण्याची, वाचण्याची घाई कुणालाच नसते. कागद परत येईना. रोज संध्याकाळी साडभाऊ फाटकापाशी उभे राहून मला एवढंच सांगत, "नाई आला." पूर्ततेचा कागद खणात वाट पाहत पडून होता. आणि एक दिवस थेट मंजुरीच आली. कचेरीत पेढे वाटले गेले. एवढा निर्दोष प्रस्ताव या टेबलावरून पहिल्यांदाच गेला, असं साहेब चारचौघांत म्हणाले. आणि दिल्लीच्या संगणकाने नुसती चिंचोली म्हटल्यावर आपल्या यादीत जी आधी सापडली ती उचलली. गंगाबाईतला ग रामजीतल्या र च्या आधी येतो, एवढी मुळाक्षरं त्याला येत होती. गंगाबाईच्या चिंचोलीत उपकेंद्र आधीपासून आहे, फरशीसकट. त्याच्याच अंगणात ठेकेदाराने दुसऱ्या उपकेंद्रासाठी गिट्टी आणून टाकली. तिथल्या सरपंचाला कुणी विचारलं तर तो म्हणाला, देणारे देऊन राह्यले तं नाई काऊन म्हनाचं?

मला संताप आला तो या सगळ्या सह्यांचा. एसटीचा कंडक्टर उन्हाघामात, पन्नास माणसांच्या धक्क्यात उभा राहून विचारतो, कोणतं गाव? आणि पंख्याखाली बसलेल्या एकाही माणसाला तो प्रश्न पडू नये! आमचे साडभाऊ धूर्त होते, पण त्यांची सगळी धूर्तता या एका समजुतीवर उभी होती की वर कुणीतरी निदान पहिली ओळ वाचतो.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते तळेगावच्या स्टँडवर. धोंड्याचा महिना होता, सासूबाईंनी दोन्ही जावयांना वाण द्यायला बोलावलं होतं, आणि आम्ही चौघं ऑटोची वाट पाहत होतो. बायका पुढे फळं घेत होत्या. साडभाऊ हळूच म्हणाले, "ठेकेदारानं तिकडं माल टाकला, सर." मग ऑटो आला. चिंचोलीत शिरलो तर मारुतीच्या पारावर फलक लागलेला: उपकेंद्र मंजूर केल्याबद्दल आमच्या गावच्या जावयांचे हार्दिक आभार. त्यात 'हार्दिक' चुकलं होतं, आणि ते मुद्दाम चुकवलेलं नव्हतं.

जेवायला बसलो. अनारसे, पुरण, वाणाचं तबक. साळा उत्साहाने सांगत होता की गावाने शाळेमागची जागा साफ करून ठेवली आहे. तेवढ्यात सिस्टर आल्या. मध्यम वयाच्या, पायात चपला घातलेल्याच, निघायच्या घाईत. "साहेब, येकच मांगनं हाये. बाळंतपणाच्या खोलीची खिडकी पूर्वेकडं ठेवाले सांगजा. लाईट गेले तं निदान पहाटचा उजेड येईन." साडभाऊंनी हातातला अनारसा ताटात ठेवला. त्यांच्या बायकोने, म्हणजे ताईंनी, विचारलं, "काय झालं हो?" बाहेर ओसरीवर निम्मं गाव बसलेलं. मला वाटलं, आता ते संगणकावर ढकलतील. तसं ढकललं असतं तर कुणी काही बोललं नसतं. संगणकाला सासुरवाडी नसते.

"आई," ते सासूबाईंना म्हणाले, "मंजूर झालं ते हे गाव नाई. दुसरी चिंचोली हाये. माही गलती हाये. म्या मुद्दाम नाव अर्धं लेहलं."

 साळ्याने मान खाली घातली, मग तो उठून बाहेर गेला. सिस्टर दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. सासूबाईंना मुद्दाम हा शब्द कळला नसावा, किंवा कळूनही त्यांनी तो बाजूला ठेवला असावा. त्यांनी वाणाचं तबक उचलून जावयासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "मंग सुधरवा ना जवाईबापू. जलमभर दुसऱ्याइचे कागद सुधरवून राह्यले तुमी."

कचेरीत साहेबांनी त्यांना समजावलं. संगणकीय दोष असं लिहा, समिती नेमली जाईल, समिती बसेल, तुम्ही तोवर निवृत्त व्हाल, हारतुरे घ्याल, पेन्शन सुरळीत चालू होईल. उपकेंद्र? ते पाहता येईल. साडभाऊ अशा समित्यांना पुरते ओळखून होते. त्यांतल्या निम्म्या त्यांनीच बसवलेल्या, आणि बसलेली समिती उठताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. कुणीतरी चूक पदरात घेतली तरच जागा बदलण्याचा प्रस्ताव सरळ वर जातो, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तसा कागद लिहिला. पाठवण्याआधी मला वाचायला दिला. मी लाल पेन घेऊन बसलो होतो. ते नुसतंच हातात राहिलं. गावाचं नाव कंसासकट, मालगुजारासकट, तालुक्यासकट. चूक कुणी केली, तेही नावानिशी. "येच्यात काईच नाई ठेवलं, सर," ते म्हणाले, "भेव वाटून राह्यलं."

जागा बदलायला राज्याने शिफारस केली आणि दिल्लीने होकार दिला. तो कागदही कुणी वाचला नसावा अशी मला दाट शंका आहे. चौकशी मात्र नीट वाचून लावण्यात आली. जिल्ह्याने सांगितलं, आम्ही तालुक्यावर विसंबलो. मुंबईने सांगितलं, आम्ही जिल्ह्यावर विसंबलो. 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिणाऱ्याची बढती झाली. साडभाऊंना निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी डबा उचलून ते एकटेच सायकल स्टँडपर्यंत चालत आले. चौकशीच्या तारखा अजून पडतात. पेन्शन अडलेलं आहे. घर मुलीच्या आधाराने चालतं, आणि ताई त्याविषयी अवाक्षर काढत नाहीत, यावरून त्यांना काय वाटत असेल ते मला कळतं.

परवा सासुरवाडीला गेलो होतो. शाळेमागे उपकेंद्राच्या भिंती खिडकीच्या वरपर्यंत आल्या आहेत. ठेकेदाराची माणसं जेवायला सावलीत बसली होती आणि साडभाऊ डोक्याला दुपट्टा बांधून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, सिमेंट पक्कं व्हावं म्हणून पाइपाने भिंतींना तराईचं पाणी मारत होते. आठवड्यातले बहुतेक दिवस ते इथेच असतात म्हणे. ठेकेदाराची माणसं भिंती वाळवून टाकतात यावरून त्यांची रोज भांडणं होतात. पूर्वेकडच्या खिडकीच्या जागी मोकळी चौकट होती आणि तिच्यातून कुणाचं तरी कपाशीच्या पऱ्हाटीचं शेत दिसत होतं. मला पाहून त्यांनी पाइप खाली टाकला. थट्टा करायला माझ्या जिभेवर चार वाक्यं तयार होती. पण ते भिंतीवर तळहात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पाणी मारलं तरी आतून गरमच राह्यते हो भित. मले मालूमच नोतं."

मीही हात लावून पाहिला. भिंत खरंच गरम होती.